प्रेशर पंपाच्या नावाखाली 34,000 रुपयांची टोपी

आमचा फ्लॅट पुण्यात, सगळ्यात वरच्या मजल्यावर. गच्चीवरची टाकी जेमतेम दोन मीटर उंच. दहा मीटर उंचीला एक बार दाब मिळतो, म्हणजे आमच्या नशिबी किती ते बघा. तळमजल्यावाले पंपाशिवाय मजेत आंघोळ करतात, आणि आमच्याकडे सकाळी मुलगा आणि सून दोघांनी शॉवर सोडले की दोन्हीकडे नुसती ठिबक.

फोनवर जाहिरात दिसली: 'दोन शॉवर एकत्र, फुल प्रेशर, गॅरंटीसह'. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. एक एचपी पंप 18,500, प्रेशर टाकी 6,200, पाइप-फिटिंग 3,800, मजुरी 3,000. आधी 15,000 आणि काम झाल्यावर 16,500, दोन्ही यूपीआयने. स्क्रीनवर नाव दुकानाचं नव्हतं, कुणा भलत्याच माणसाचं होतं. पंपवाला म्हणे, "काका, भावाचं खातं आहे." वर वार्षिक सर्व्हिसचे 2,500 घेतले ते वेगळेच.

आता ज्याने माझं डोकं अजून फिरतं ते सांगतो. त्याने दोन्ही शॉवर सोडून दाखवले. धो धो पाणी! घरातले सगळे बघत होते, सून तर हसली. अर्ध्या मिनिटात त्यानेच नळ बंद केले. "पाणी कशाला वाया घालवायचं काका?" मला उलट माणूस संस्कारी वाटला! त्या 24 लिटरच्या प्रेशर टाकीत निम्म्याहून जास्त हवा असते, दाबाने बाहेर येतं ते सात-आठ लिटर पाणी. दोन शॉवरांना ते अर्धा मिनिटच पुरतं. तेवढाच त्याचा डेमो. कुणीही फसलं असतं, मी काही प्लंबर नाही. दोन्ही शॉवर सलग दहा मिनिटं चालवून बघा, मगच उरलेले पैसे द्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ठिबक, फोन बंद. ओळखीच्या वायरमनने क्लॅम्प मीटर (वायरीतून किती करंट जातो ते मोजणारा) लावला तर 2.6 अँपिअर. एक एचपीला पाचच्या आसपास यायला हवेत. स्टिकर खरवडलं तर खाली जुनं: अर्धा एचपी. जुन्याच पंपाला रंग मारलेला. शिवाय गच्चीवरच्या टाकीवरून येणारी लाइन अर्ध्या इंचाची, जीआयची म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, आतून गंजलेली. पंप खेचणार तरी कुठून? पंप घेण्याआधी ती लाइन तपासा. हे सांगायला वायरमनने एक पैसा घेतला नाही.

पोलीस चौकीत उत्तर मिळालं, "हा व्यवहाराचा वाद, ग्राहक मंचात जा." मंचाचा आयोग होऊन कितीतरी वर्षं झाली, साहेबांना कुणी कळवलेलं दिसत नाही. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. सायबरवाले म्हणतात, हॅकिंग नाही, आमच्याकडे येत नाही. फसवणूक कुठल्या खिडकीवर नोंदवायची याची पाटी तरी लावा! ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, वकीलही लागत नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो. बिलावरच्या पत्त्यावर गेलो तर तिथे सलून. सलूनवाला म्हणाला, "पंपासाठी आलात ना? तुमच्याआधीही बरेच जण येऊन गेले." म्हणजे चौकीतही ते गेलेच असणार!

बिलावर जीएसटी क्रमांक नव्हता, असला तर तो जीएसटीच्या साइटवर फुकट तपासता येतो. दुकान डोळ्यांनी बघा. आणि तीच जाहिरात आता नव्या नंबरवरून फिरते आहे: लाल पंप, निळी टाकी, शब्द तेच.