लघुप्रबंधासाठी आरोग्य नियमावली घ्यावी की महामारी करार?

सोलापुरात एलएलएम (कायद्यातलं पदव्युत्तर शिक्षण) करणाऱ्या दोघांनी विचारलं, म्हणून लिहितोय. या फाट्यावर मी स्वतः दोन महिने घालवले. विषय ठरलेला होता, साथीच्या तयारीत देशादेशांतला न्याय. अडलं होतं ते कशातून मांडायचा यावर.

नियमावली म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली, साथी रोखण्यासाठी देशांवर बंधनकारक असलेले नियम. तिची बाजू भक्कम आहे. १९६ देश तिचे सदस्य, २०२४च्या दुरुस्त्या सप्टेंबर २०२५पासून लागूही झाल्या (अमेरिकेनं त्या नाकारल्या, तो वेगळा प्रबंध होईल). समन्याय आणि एकजूट आता कलम ३ मध्येच आहे. संदर्भसाहित्यही भरपूर.

मी अडकलो कलम १३ वर. देशांनी एकमेकांना साहाय्य करायचं, पण 'लागू कायदा आणि उपलब्ध साधनांच्या अधीन राहून'. हे वाचलं आणि मे २०२१ आठवला. आईला घेऊन पहाटे साडेचारला रांगेत उभा होतो. सात वाजता दार उघडलं आणि पाटी लागली, 'लस उपलब्धतेनुसार'. कोविशील्ड पुण्यात बनत होती, गाडीनं चार-पाच तासांवर. पाटीवर खोटं काहीच नव्हतं, त्यामुळे भांडायचं कशावरून तेच कळेना. आपली निर्यात थांबल्यामुळे आफ्रिकेतले कित्येक देशही तेव्हा असेच ताटकळत होते. 'उपलब्ध' म्हटलं की नियम मोडला हे सिद्ध करणार कसं?

महामारी करार हा त्याच संघटनेच्या सदस्य देशांचा नवा करार. १९ मे २०२५ला समितीत तो १२४ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला, ११ देश तटस्थ राहिले, आणि २० मेला सभेनं तो सहमतीनं मंजूर केला. त्यात निदान आकडा आहे. सहभागी कंपन्यांनी महामारीतल्या लसी-औषधांच्या उत्पादनातला २० टक्के वाटा जागतिक आरोग्य संघटनेला देण्याचं लक्ष्य, त्यात उत्पादनाच्या किमान १० टक्के फुकट. लक्ष्य म्हणजे हमी नव्हे, हे कबूल. पण मोजता येतं. शिवाय विषाणूंचे नमुने देणाऱ्या देशाला बदल्यात काय, हा इंडोनेशियानं २००७मध्ये बर्ड फ्लूचे विषाणू अडवून विचारलेला प्रश्न इथं थेट कलमात आलाय.

अडचण मोठी आहे. नमुने आणि त्यांच्या बदल्यात मिळणाऱ्या लसी-औषधांच्या वाटपाचं परिशिष्ट मंजूर झाल्याशिवाय करार सह्यांसाठी खुलाच होत नाही, आणि पुढे तो लागू व्हायला ६० देशांचं अनुसमर्थन (सहीनंतरची औपचारिक मान्यता) लागतं. आमचे सर म्हणाले, "न लागलेल्या कायद्यावर काय लिहिणार?" त्यांचं चूक नव्हतं. वेळ कमी असेल किंवा नोकरी सांभाळून करत असाल, तर नियमावली बरी पडेल.

मी करार घेतला. तुम्हीही घेतलात तर परिशिष्टाचा प्रत्येक मसुदा तारीख घालून वेगळा ठेवा. माझं एक अख्खं प्रकरण जुन्या मसुद्यावर लिहून झालं होतं.