कमरेला बत्तीस बोअर : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या कार्तिकापासून निफाड तालुक्यातल्या आमच्या मळ्यात रात्रीच्या भरण्याला जाताना मी बिबट्याच्या धाकाने परवान्याचे बत्तीस बोअरचे (म्हणजे .३२ इंच व्यासाच्या नळीचे) रिव्हॉल्व्हर कमरेला बांधत आलो आहे. त्याची कल्पना मला परदेशातल्या शिकाऱ्यांवरून सुचली, हे आधीच कबूल करतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीचा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. त्यामुळे पुढे लिहितो तो अनुभव शिकाऱ्याचा नसून उसाच्या कडेने पाणी भरणाऱ्या माणसाचा आहे.

अलास्कासारख्या मुलखात मोठ्या जनावराच्या शिकारीला निघालेला माणूस रायफलच्या जोडीला हातबंदूक का बाळगतो, याचे कारण सरळ आहे. मारलेले जनावर सोलताना दोन्ही हात गुंतलेले असतात, रायफल झाडाला टेकवलेली असते आणि रक्ताच्या वासावर अस्वल येऊ शकते. अशा वेळी अंगावरच काहीतरी असावे लागते. पाठीवरच्या पिशवीचे आणि रायफलीचे पट्टे आड येऊ नयेत म्हणून ते बरेचदा छातीवर बांधतात. म्हणजे मुळात ते दुय्यम हत्यार असते. माझ्याकडे पहिले हत्यारच नव्हते. होते ते फावडे आणि बॅटरी. हा फरक विकत घेताना माझ्या लक्षात आला नाही.

दुसरा फरक ताकदीचा. तिकडे १९५५ पासून प्रचलित असलेली .४४ मॅग्नम ही गोळी साधारण १,२०० ज्यूल ऊर्जेने सुटते, तर आपल्या बत्तीस बोअरची गोळी १५० ज्यूलच्या आसपास. .३८ आणि ९ मिलिमीटर ही प्रतिबंधित बोअर असल्यामुळे सामान्य परवानाधारकाच्या हाती बत्तीसच येते. खांद्यावर जाड कातडीची ढाल घेऊन फिरणाऱ्या रानडुकराला या गोळीने जागीच थांबवण्याची अपेक्षा मी करणार नाही. पन्नास-साठ किलोचा बिबट्या झेप घेऊन आल्यावर ती काय करील, याचाही भरवसा मला वाटत नाही. जखमी झालेला बिबट्या मात्र न दुखावलेल्या बिबट्यापेक्षा कितीतरी घातक, आणि तो माझ्याच नव्हे तर शेजारच्या वस्तीवरच्या पोरांच्याही वाट्याला येणार. आजोबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बाराबोर, म्हणजे छऱ्यांची बंदूक, होती. जनावरापुढे तीच अधिक उपयोगी होती, असे माझे आजचे मत आहे.

आता रोजच्या वापराविषयी. माझे रिव्हॉल्व्हर देशी बनावटीचे, सहा गोळ्यांचे, मधून मोडून उघडणारे आहे आणि भरल्यावर ते पाऊण किलोच्या आसपास भरते. २०१४ मध्ये आलेले टायटॅनियम मिश्रधातूचे ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर अर्ध्या किलोचे आहे. मी ते वापरलेले नाही, पण तासन्‌तास वाकून काम करणाऱ्याला या पाव किलोचा फरक नक्की जाणवेल. पहिले म्यान तयार घेतले होते. त्याची चामडी ओली झाली की फुगायची आणि वाफ्यात बसले की मूठ बरगडीत रुतायची. मग नाशिकरोडच्या एका चर्मकार काकांकडून दुसरे शिवून घेतले, उजव्या कमरेला थोडे मागे बसणारे, वरून बटणाची झडप असलेले. छातीवरच्या म्यानाचा हट्ट मी पहिल्याच आठवड्यात सोडला, कारण सार्वजनिक जागी हत्यार झाकलेल्या म्यानात असावे लागते आणि मळ्याकडे जाणारा आमचा रस्ता गावाच्या चौकातूनच जातो. झडपेमुळे हत्यार बाहेर काढायला दोन सेकंद जास्त लागतात, हे खरे. पण चिखलात घसरून पडलो तेव्हा ते जागेवर राहिले, तेही त्या झडपेमुळेच.

पावसाळ्यात सर्वांत मोठा शत्रू बिबट्या नव्हता, गंज होता. घामाने आणि ओलाव्याने श्रावणातच नळीच्या तोंडाशी तांबूस ठिपके उठले. चामडे ओल धरून ठेवते, म्हणून घरी आल्यावर हत्यार म्यानातून काढून, पुसून, तेलाचा हात फिरवून कुलुपात ठेवायचे, हा नियम मी तेव्हापासून पाळतो. पहाटे चारला, अंग मोडलेले असताना, हा नियम किती जड जातो हे ज्याने भरणे केले आहे त्यालाच कळेल.

सरावाच्या रेंजवर दिवसा, दोन्ही हातांनी, दहा मीटरवरून सहाही गोळ्या कागदावर बसत. डाव्या हातात बॅटरी धरून एका हाताने झाडल्यावर सहापैकी दोन बसल्या. घोडा आधी न चढवता ओढायचा चाप इतका जड आहे की नळी प्रत्येक वेळी खाली डुंबते. परदेशातल्या चित्रफितींत हे कोणी दाखवत नाही.

एकदाच प्रसंग आला. माघातली रात्र होती. कृषिपंपाची वीज त्या आठवड्यात रात्रीच्या पाळीत होती आणि मी उसाच्या बांधावर बारे मोडत, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत होतो. बॅटरीच्या उजेडात वीस-पंचवीस पावलांवर दोन डोळे चमकले, जमिनीपासून फारसे उंच नव्हते. उजव्या हातातले फावडे टाकून मी झडपेचे बटण चाचपू लागलो. फावडे लोखंडी पाइपावर आदळले आणि त्या खणखणाटाने बिबट्या उसात नाहीसा झाला. बटण तेव्हाही उघडलेले नव्हते. वाकलेला माणूस बिबट्याला चार पायांच्या सावजासारखा दिसतो, असे वनखात्याचे लोक सांगतात. त्या रात्रीपासून मी दर काही मिनिटांनी उभा राहतो, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावतो आणि शक्यतो एकटा जात नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या रक्षणासाठी सद्‌हेतूने वन्यप्राणी मारला गेला, तर वन्यजीव कायद्याच्या कलम ११ नुसार तो गुन्हा ठरत नाही, पण मेलेले जनावर सरकारची मालमत्ता होते आणि पुढची चौकशी टळत नाही. नुसते पळवून लावण्यासाठी हवेत बार काढावा म्हटले, तर निष्काळजीपणे गोळी झाडून कोणाचा जीव धोक्यात आणल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने आली आहे. रात्री आमच्या पलीकडच्या मळ्यातही माणसे पाणी भरत असतात. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली, ही त्यातली सोयीची गोष्ट. निवडणुकीच्या आचारसंहितेत हत्यार ठाण्यात जमा करावे लागले, तेव्हा महिनाभर मी त्याच्याविनाच भरणे केले. पहिले दोन दिवस कंबर हलकी वाटली, नंतर आठवणही राहिली नाही.

सिन्नरकडचा माझा चुलतभाऊ आता अर्ज करायचा म्हणतो आहे आणि कोणते रिव्हॉल्व्हर घेऊ, असे विचारतो. त्याला मी अजून उत्तर दिलेले नाही. येत्या रात्रपाळीला बॅटरी आणि फावडे घेऊन माझ्याबरोबर उसाच्या कडेला चल, एवढेच सांगितले आहे.