तक्तपोशी मारावी की आढ्यापर्यंत मोकळं सोडावं?

दुपाखी (दोन उतारांचं) कौलारू घर नव्याने शाकारायला काढलंय आणि खालून सपाट तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचं छत, मारायची की आढ्यापर्यंत, म्हणजे छपराच्या वरच्या टोकापर्यंत मोकळं ठेवायचं, यावर घरात एकमत होत नाही. असं कुणी भेटलं की मला आमचं साताऱ्यातल्या मेढ्याकडचं घर आठवतं. ते मुळात सगळं तक्तपोशीचं. सहा वर्षांपूर्वी छप्पर उतरवलं तेव्हा ओटी आणि माजघर मोकळं केलं, त्यामुळे दोन्हींखाली राहून झालंय.

उन्हाचं आधी सांगतो, सगळे तेच विचारतात. एप्रिल-मेच्या दुपारी तक्तपोशीखाली बरं वाटतं, कारण कौलांची धग सरळ डोक्यावर उतरत नाही. मोकळ्या माजघरात दोन ते चार ती जाणवतेच. पण गरम हवा आढ्याशी गोळा होते आणि तिथल्या त्रिकोणी भिंतीत जाळी ठेवली की निघून जाते. आमचं माजघर दिवेलागणीपर्यंत निवतं, तर तक्तपोशीवरच्या माळ्याला झडप नसल्यामुळे जुन्या खोल्या रात्री उशिरापर्यंत कोंदट असायच्या. थंडीत मात्र उलटं. डिसेंबरच्या पहाटे आई माजघरात शाल सोडत नाही. कांदे-लसूण आणि शेंगांची पोती ठेवायला माळा हवाच असेल, तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

माझं मन वळलं ते गळतीमुळे. आमच्याकडे वानरं कौलं सरकवून जातात आणि जुलैचा पाऊस वाट बघत नाही. तक्तपोशीवर पडलेलं पाणी फळीफळीने वाहत जाऊन दोन खण पलीकडे ठिबकतं. वडिलांनी देवघरावरची कौलं तीनदा बदलली आणि फट निघाली स्वयंपाकघरावर. पुढे छप्पर उतरवलं तेव्हा फळ्या वरून पार कुजलेल्या होत्या, खालून रंग जसाच्या तसा. इतकी वर्षं आम्ही त्याखाली झोपत होतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

मोकळ्या छपरात सरकलेलं कौल उजेडाच्या चिरेवरून लगेच सापडतं. मंगलोरी कौल (१८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला ज्यांचा कारखाना काढला, तीच ही खाचांची कौलं) रिपेवर (खालच्या आडव्या लाकडी पट्टीवर) नुसतं अडकवलेलं असतं. खालून बांबूने हळूच उचललं की बहुतेक वेळा जागेवर बसतं. शेवाळलेल्या छपरावर चढायला नको. जाळी-जळमटं वाढतात हे खरं, पंख्याची दांडीही लांब घ्यावी लागते. पण लांब दांड्याचा झाडू मला रात्री गळती शोधत बसण्यापेक्षा सोपा वाटतो. तुमच्याकडे वानरं नसतील, पाऊस माण-खटावसारखा तुटपुंजा असेल, तर कदाचित तुमचं मत वेगळं होईल.

मोकळं करायचं ठरलं तरी आडव्या तुळया काढू नका. आमचे सुतारमामा यावर फार कडक होते. दोन्ही पाखी भिंतींना बाहेर रेटतात आणि त्या भिंतींना तुळयाच धरून ठेवतात. त्या काढायच्याच असतील तर आढ्याखाली भक्कम तुळई आणि तिला खालपर्यंत आधार हवा, तेही जाणकाराला दाखवून.

आई-वडिलांच्या झोपायच्या खोलीवर आम्ही तक्तपोशी ठेवली. तिला दोन बाय दोनचं दार केलंय आणि पावसाळ्यात दर रविवारी मी बॅटरी घेऊन तिथून डोकावतो.