एकेएम रायफल: वापरणाऱ्याच्या नजरेतून

पायदळातील माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षे एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल) खांद्यावर घेऊन गेली आणि त्यानंतर बराच काळ एकेएम हातात होती, त्यामुळे हिच्याबद्दल लिहिताना ती जुनी, लांबलचक, चार किलोंहून जड रायफल आपोआप तुलनेला उभी राहते. रिकाम्या एकेएमचे वजन मॅगझिनशिवाय (म्हणजे गोळ्यांच्या पेटीशिवाय) सुमारे ३.१ किलो भरते. चढणीला लागल्यावर हा फरक पहिल्या तासातच खांद्याला कळतो.

मिखाईल कलाश्निकोव्ह यांची एके रायफल सोव्हिएत सैन्याने १९४९ साली स्वीकारली. एकेएम ही तिची १९५९ मधील सुधारित आवृत्ती. आधी पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढावी लागणारी बॉडी हिच्यात सुमारे १ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून दाबून घडवलेली आहे. पत्रा म्हटल्यावर मनात शंका येते, पण माझ्या हाती ती कधी वाकली नाही.

हिचे खरे मोल मात्र आतल्या मोकळेपणात आहे. मॅगझिन काढून, चेंबर (गोळी बसते ती नळीची मागची जागा) रिकामे असल्याची खात्री करून मागचे बटण दाबले की वरचे झाकण निघते, रिटर्न स्प्रिंग बाहेर येते आणि पाठोपाठ गोळीच्या वायूने मागे ढकलला जाणारा पिस्टन, त्याला जोडलेला जड कॅरिअर आणि चेंबर मागून बंद करणारा बोल्ट हातात येतात. कॅरिअर जागेवर असताना बोटाने हलवून पाहिले, तर तो चक्क डुगडुगतो. नव्या जवानाला तो दोष वाटतो, पण या ढिलेपणामुळेच वाळूला आणि जळक्या दारूच्या काजळीला सरकायला जागा मिळते आणि कॅरिअरचे वजन उरलेला अडथळा रेटून नेते. एसएलआरचा गॅस रेग्युलेटर (पिस्टनकडे जाणारा वायू कमीजास्त करणारी कळ) फिरवत बसण्याचा उद्योग येथे नाही, कारण येथे रेग्युलेटरच नाही.

तक्रारी तीन आहेत आणि तिन्ही गंभीर आहेत. बॅकसाइट, म्हणजे नेम धरण्याची मागची खूण, नळीच्या दिशेला फार पुढे बसवलेली असल्याने दोन साइटमधले अंतर कमी पडते आणि ३०० मीटरच्या पलीकडे नेम राखणे कठीण जाते. उजव्या बाजूचा चेंज लीव्हर (सेफ्टी काढण्याची आणि फायरचा प्रकार निवडण्याची कळ) खाली ओढताना होणारा ‘खटक’ आवाज रात्रीच्या शांततेत दूरवर जातो. आम्ही तो अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत धरून हळूहळू उतरवत असू. तिसरी तक्रार अशी की शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट मागे थांबत नाही. ऐन वेळी ट्रिगर दाबून केवळ ‘टक्’ ऐकण्याचा प्रसंग माझ्यावर एकदा आला आहे आणि तो मी विसरलेलो नाही.

इतर देशांनी केलेले बदल पाहिले, तर कोणाला काय खुपले ते नेमके दिसते. फिनलंडने आरके-६२ मध्ये बॅकसाइट झाकणाच्या मागच्या टोकाशी, डोळ्याजवळ आणली. माझ्या मते या घराण्यातली ही सर्वांत शहाणी दुरुस्ती. तिच्यावर बेतलेल्या इस्रायली गॅलिलने डाव्या अंगठ्याच्या बाजूलाही चेंज लीव्हर दिला. युगोस्लाव्ह एम-७० च्या मॅगझिनमध्ये शेवटच्या गोळीनंतर बोल्ट अडवण्याची सोय आली, मात्र नळीला आतून क्रोमचा मुलामा नसल्याने तिची सफाई चुकवून चालत नाही. रुमानियाने पुढे उभी मूठ जोडली, तर चीनच्या टाइप-५६ ला घडीची टोकदार संगीन मिळाली. चेकोस्लोव्हाकियाची व्हीझेड-५८ यांच्यात अनेकदा मोजली जाते, पण तिचा बोल्ट फिरत नाही आणि तिचे मॅगझिनही एकेएमला बसत नाही.

भारतीय सैन्यासाठी अमेठीजवळच्या कोरवा येथील कारखान्यात बनणाऱ्या, याच घराण्यातल्या एके-२०३ साठी डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक रायफलींचा करार झाला. तिच्या झाकणावर ऑप्टिक (भिंगाची) साइट बसवण्यासाठी रेल आहे आणि बटची (खांद्याला टेकवायच्या दस्त्याची) लांबी कमीजास्त करता येते, म्हणजे माझी पहिली तक्रार मिटली. चेंज लीव्हर मात्र अजून उजव्याच बाजूला आहे.