आररूल.जेएस : नियम पक्के, पण सुरुवातीची तारीख जपून द्या

‘दर दुसऱ्या मंगळवारी’ किंवा ‘महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी’ अशा तारखा हाताने लूप लिहून काढू नयेत. जावास्क्रिप्टमध्ये हे काम आररूल.जेएस या पुन्हापुन्हा येणाऱ्या तारखा काढणाऱ्या लायब्ररीवर सोपवावं. पायथनच्या डेटयूटिल या लायब्ररीतल्या आररूल मॉड्यूलवरून ती घेतलेली आहे आणि तिचे नियम आरएफसी ५५४५ च्या, म्हणजे आयकॅलेंडर या कॅलेंडरच्या मानकाच्या भाषेत लिहिले जातात. तारखा हव्या त्या साच्यात छापणं तिच्या कक्षेत नाही, ते डे.जेएससारख्या दुसऱ्या लायब्ररीकडे द्या.

महिनाअखेरीसाठी बायमंथडे (महिन्यातली तारीख) -१ द्यावा. ३१ दिला तर एप्रिल, जूनसारखे महिने गाळले जातात, तारीख ३० वर सरकत नाही. शेवटच्या कामकाजाच्या दिवसासाठी बायवीकडेमध्ये (वार) सोमवार ते शुक्रवार आणि बायसेटपॉस (जुळलेल्या तारखांपैकी कितवी) -१.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वेळेचा. लायब्ररी डेट ऑब्जेक्टचे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आकडे हीच भिंतीवरच्या घड्याळाची वेळ समजते. यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असलेल्या ठिकाणी सोमवारची मध्यरात्र साध्या न्यू डेटने डीटीस्टार्टला (सुरुवातीची तारीख-वेळ) दिली, की आत रविवार १८:३० जातं. मग नियम ‘दर सोमवारी’ असला तरी पडद्यावर मंगळवार दिसतो. म्हणून डीटीस्टार्ट नेहमी डेट.यूटीसीने किंवा लायब्ररीच्याच डेटटाइम फंक्शनने बनवा, आणि उत्तर वाचताना गेटयूटीसीअवर्स वापरा. महिना डेट.यूटीसीत ० पासून मोजतात, डेटटाइममध्ये १ पासून. वाराचंही तसंच : इथे सोमवार ०, तर जावास्क्रिप्टच्या गेटडेमध्ये रविवार ०.

‘एक आठवडा सोडून’ म्हणताना डब्ल्यूकेएसटी, म्हणजे आठवडा कोणत्या वारी सुरू होतो, ते विसरू नका. मानकातलंच उदाहरण बघा : ५ ऑगस्ट १९९७ पासून, मंगळवार व रविवार, इंटरव्हल २ (दर दुसरा आठवडा), काउंट ४ (एकूण चार प्रसंग). आठवडा सोमवारी सुरू धरला तर ५, १०, १९, २४ ऑगस्ट; रविवारी धरला तर ५, १७, १९, ३१. नियम तोच, दोन तारखा वेगळ्या!

डीटीस्टार्ट नियमात बसत नसेल तर ही लायब्ररी तो मोजत नाही. काही कॅलेंडरं मात्र तोच पहिला प्रसंग धरतात, त्यामुळे काउंट लावलेला असला की एकाचा फरक पडतो.

सुट्टी वगळायला आररूलसेट (नियम आणि अपवाद एकत्र ठेवणारा संच) आणि एक्सडेट (वगळायची तारीख) आहेत. एक्सडेटची वेळ मूळ प्रसंगाशी सेकंदापर्यंत जुळली पाहिजे. नुसता दिवस जुळून भागत नाही. शेवट नसलेल्या नियमावर ऑल (सगळ्या तारखा काढणारं फंक्शन) कधीच चालवू नका, बिटवीन (दोन तारखांमधल्याच काढणारं) वापरा. तो दोन्ही टोकं वगळतो, ती हवी असतील तर तिसरा पॅरामीटर ट्रू द्या.

नियम शब्दांत सांगणाऱ्या टूटेक्स्टचं वाक्य इंग्रजी येतं, मराठी वाक्य आपणच रचावं लागतं.

डेटाबेसमध्ये काढलेल्या तारखा नकोत, टूस्ट्रिंगने मिळालेला नियम ठेवा आणि टाइमझोनचं नाव वेगळ्या रकान्यात ठेवा.