जुन्या गाडीचा सेल्फ आणि साधा डिजिटल मल्टिमीटर

जुनी गाडी सेल्फ घेईनाशी झाली की संशय सर्वप्रथम बॅटरीवर जातो आणि पुष्कळदा काहीही न तपासता नवी बॅटरी बसवली जाते. हा खर्च टाळण्यासाठी हाताने रेंज बदलण्याचा, अगदी साधा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट आणि रोध मोजणारा मीटर) पुरेसा आहे, असे माझे मत तो नियमित वापरल्यानंतर झाले आहे. मात्र मोजमाप सेल्फ मारत असताना घेतले पाहिजे.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसले तर ती पूर्ण चार्ज आहे असे धरता येते, परंतु तीच बॅटरी भार येताच कोसळू शकते. सेल्फ फिरताना आकडा 9.6 च्या खाली गेला तर बॅटरीची क्षमता संपत आली असण्याची शक्यता अधिक. येथे स्वस्त मीटरचा मुख्य दोष जाणवतो: पडद्यावरील आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलत असल्यामुळे नीचांक निसटून जातो. किमान मूल्य धरून ठेवणारे बटण असलेला मीटर यासाठी निश्चितच सरस ठरतो.

मीटरची खरी किंमत अर्थिंग, म्हणजे इंजिनापासून बॅटरीच्या ऋण खांबापर्यंतची करंटची परतीची वाट, तपासताना कळते. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि इंजिन सुरू होणार नाही अशी व्यवस्था केलेली असताना मीटरचा एक प्रोब (मोजणीचे टोक) बॅटरीच्या ऋण खांबावर, म्हणजे खांबाला केबल आवळणाऱ्या क्लॅम्पवर नव्हे तर थेट शिशावर, आणि दुसरा इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवून सोबत्याला सेल्फ मारायला सांगावे. फरक 0.2 व्होल्टपेक्षा बराच जास्त आला तर दोष अर्थच्या वाटेत आहे. माझ्या गाडीत क्लॅम्प बाहेरून स्वच्छ दिसत होता, पण सोडवल्यावर आतल्या बाजूला करडा थर निघाला. तो घासून काढताच सेल्फ पूर्ववत फिरू लागला. हीच तपासणी ओहमच्या रेंजवर करू नये, कारण मोजक्याच तारा शिल्लक राहिलेली केबलही तेथे जवळजवळ शून्य दाखवते आणि आपण तिला निर्दोष समजून बसतो.

सेल्फच्या जाड बोल्टवर पुरेसा व्होल्टेज असून नुसता ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर सोलेनॉइडला (सेल्फला करंट जोडणाऱ्या विद्युतचुंबकीय स्विचला) जाणारी बारीक वायर तपासावी. तीही ठीक असल्यास सोलेनॉइड किंवा कार्बन ब्रश (सेल्फच्या फिरत्या भागाला करंट पोहोचवणारे, झिजणारे तुकडे) पाहण्यासाठी सेल्फ उतरवावा लागतो. सेल्फ किती करंट ओढतो हे मात्र या मीटरने मोजता येत नाही: त्याची मर्यादा बहुधा 10 अँपिअर आणि सेल्फची गरज शंभराच्या पुढची. त्यासाठी केबलभोवती पकड लावून करंट मोजणारा डीसी क्लॅम्प मीटरच हवा.

मीटरसोबत मिळणाऱ्या लीड (प्रोबच्या वायरी) आखूड आणि ताठ असतात, तेव्हा क्लिप असलेल्या लांब लीड वेगळ्या घ्याव्यात. खरेदी करताना 10 अँपिअरच्या सॉकेटला आत फ्यूज आहे ना, हे आवर्जून पाहावे. लाल लीड त्या सॉकेटमध्ये विसरून प्रोब बॅटरीला लावले गेले, तर फ्यूज नसलेल्या मीटरमधून थेट शॉर्ट सर्किट होते.