उंदरावरच्या इमेजिंगसाठी एसडब्ल्यूआयआर कॅमेरा: उणे ८५ अंशांचा की ५ मायक्रॉनचा?

आयसीजी (इंडोसायनिन ग्रीन, इन्फ्रारेडमध्ये चमकणारा डाय) टोचलेल्या उंदराच्या रक्तवाहिन्या १००० नॅनोमीटरच्या पुढे, म्हणजे एसडब्ल्यूआयआर (शॉर्ट-वेव्ह इन्फ्रारेड) पट्ट्यात पाहायच्या तर सिलिकॉन पुरत नाही, इंडियम गॅलियम आर्सेनाइड लागतं, इथपर्यंत कुणाचा वाद नसतो. घोडं अडतं ते पुढे, कॅमेरा कोणता घ्यायचा यावर. एका बाजूला टेलिडाइन प्रिन्स्टनच्या निर्वाणासारखे उणे ८५ अंशांपर्यंत थंड होणारे वैज्ञानिक कॅमेरे: ६४०×५१२, पिक्सेल २० मायक्रॉनचा. दुसऱ्या बाजूला सोनीच्या आयएमएक्स९९० सेन्सरवर बांधलेले मुठीएवढे औद्योगिक कॅमेरे: १२८०×१०२४, पिक्सेल ५ मायक्रॉनचा, आणि किंमत बरीच कमी.

मेगापिक्सेल पाहून मन छोट्याकडे ओढ घेतं. पण आयसीजीच्या प्रकाशाचं शिखर ८३० नॅनोमीटरच्या आसपास. १०००च्या पुढे उरते ती नुसती शेपटी, आणि १३००चा लाँगपास (त्याहून लांब तरंगलांबीच सोडणारा फिल्टर) लावला की तिच्यातलाही अगदी थोडा भाग हाती येतो. दृश्यक्षेत्र आणि एफ-नंबर तेच धरले तर २० मायक्रॉनच्या पिक्सेलवर १६ पट फोटॉन पडतात. २×२ बिनिंगने (चार पिक्सेल मिळून एक धरून) हा फरक ४ पटींवर येतो, पण हे बिनिंग बहुधा वाचनानंतरची बेरीज असते, त्यामुळे रीड नॉइज (पिक्सेल वाचतानाचा गोंगाट) दुप्पट होऊन बसतो. लेझर वाढवावा म्हटलं तर ८०८ नॅनोमीटरला त्वचेची मर्यादा दर चौरस सेंटीमीटरला साधारण ०.३३ वॅट. मग एक्स्पोजर वाढवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तिथेच डार्क करंट (प्रकाश नसतानाही उष्णतेमुळे सेन्सरमध्ये जमणारे इलेक्ट्रॉन) गाठतो.

माझ्यापुरता निकाल इथेच लागला. छोट्या कॅमेऱ्यात डार्क करंट जास्त आहे ही तक्रार नाही; डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेलं चित्र) वजा करता येते. तक्रार ही की तो एका जागी राहत नाही. तापमान ७-८ अंशांनी वाढलं की तो जवळपास दुप्पट होतो. समजा, एका एक्स्पोजरमध्ये पिक्सेलमागे १०,००० इलेक्ट्रॉन निव्वळ डार्कचे जमतात. सेन्सर २ अंशांनी तापला की त्यात १,९००च्या आसपास भर पडते. तुमचा सिग्नल ५००चा. वजाबाकी चोख जमली तरी डार्कचा १०० इलेक्ट्रॉनचा नॉइज मागे राहतोच, पण तो निदान नॉइजसारखा दिसतो. ती १,९००ची भर मात्र सिग्नलसारखी दिसते.

आणि सेन्सर तापायला निमित्तं हवी तेवढी. बंद काळ्या पेटीत कॅमेरा खाली तोंड करून टांगलेला, खाली उंदरासाठी ३७ अंशांचा हीटिंग पॅड. सुरुवातीला घेतलेली डार्क फ्रेम अर्ध्या तासात शिळी होते. आयसीजी रक्तातून काही मिनिटांत उतरतो. त्या उतरत्या आलेखाखालचा पायाच वर सरकत असेल तर डाय सावकाश निघतोय असं वाटतं, आणि एक्स्पोनेन्शियल फिटही झकास बसतो.

यावर उपाय नाहीत असं नाही. शटर लावून दर मिनिटाला नवी डार्क फ्रेम घेता येते, पण डाय रक्तातून पहिल्यांदा फिरतानाची, वेगवान बदलाची फ्रेम नेमकी त्यात हुकते. सेन्सरची कड झाकून तिथली सरासरी वजा केली तर सगळ्यांची सरासरी सुधारते, हॉट पिक्सेल (इतरांपेक्षा खूप जास्त डार्क देणारे) नाही. आयएमएक्स९९० टीईसीसह (विजेवर चालणाऱ्या थर्मोइलेक्ट्रिक कूलरसह) मिळतो आणि त्याविनाही; घ्यायचाच तर टीईसीवाला घ्यावा. मात्र मे महिन्यात एसी बंद पडला की टीईसी पूर्ण ताकद लावूनही सेट-पॉइंट (ठरवलेलं तापमान) धरेलच असं नाही. उणे ८५ला डार्क मुळातच इतका खाली येतो की अंशभर इकडेतिकडे झालं तरी आलेख हलत नाही.

थंड कॅमेऱ्याचीही कुरकुर आहे. गार केल्यावर सेन्सरची वरची मर्यादा १७०० वरून १६०० नॅनोमीटरकडे सरकते. १५५०ला चमकणाऱ्या एर्बियमच्या कणांना ती पुरते. १६५०वर काम असेल तर नाही. (लिपिडचा १७२०चा पट्टा हवा असेल तर दोन्ही आंधळे.) पंख्याची थरथर मायक्रोस्कोपवर जाणवते, म्हणून पाण्याचा चिलर जोडतात. मुंबईत पावसाळ्यात दवबिंदू २५ अंशांच्या घरात असतो. चिलर १५वर ठेवलात तर नळ्यांवरून पाणी थेट टेबलावर. तो दवबिंदूच्या वर ठेवायचा, आणि त्या पाण्यावर सेन्सर किती खाली जातो हे आधी विचारून घ्यायचं.

लिम्फ नोड किंवा शस्त्रक्रियेतलं व्हिडिओच्या वेगाचं काम असेल, सिग्नल भरपूर आणि एक्स्पोजर २०-३० मिलिसेकंद असेल, तर छोटा कॅमेरा नक्कीच शहाणपणाचा. फक्त फिल्टरचे पैसे बाजूला ठेवा. हा सेन्सर ४०० नॅनोमीटरपासून पाहतो, त्यामुळे ८०८चा परावर्तित लेझर त्याला लख्ख दिसतो. इंडियम फॉस्फाइडचा थर शाबूत असलेला नेहमीचा सेन्सर ९००च्या खाली जवळजवळ आंधळा असतो. तो लेझर फुकटात अडवतो. छोट्यासाठी १०००च्या इंटरफेरन्स लाँगपासला शोषक आरजी१००० काचेची जोड द्यावी, कारण तिरप्या किरणांना इंटरफेरन्स फिल्टरची सीमा खाली सरकते आणि चित्राच्या कडा उजळतात.

डेमो मागवाल तेव्हा कॅमेरा तुमच्याच पेटीत, हीटिंग पॅड चालू ठेवून लावा. लेन्सवर झाकण, एक्स्पोजर २०० मिलिसेकंद, पाऊण तास, दर मिनिटाला एक फ्रेम. मधल्या १००×१०० पिक्सेलची सरासरी वेळेसमोर मांडा. टीईसीचा करंट नोंदवता येत असेल तर तोही त्याच आलेखावर घ्या.